भूल म्हणजे नुसती झोप नव्हे



मेंदूतील धमनीची भिंत एखादे ठिकाणी दुबळी होऊन फुगते. हा फुगा फुटला की कवटीत रक्त पसरते. १९३७ साली बाल्टिमोरला वॉल्टर डँडी यांनी अशा फुग्याच्या मानेला चांदीचा चिमटा लावला. १९९० साली लॉस एंजल्सला ग्युल्येल्मी यांनी धमनीतूनच बारीक नळी सरकवून फुगा प्लॅटिनमच्या वेटोळ्यांनी भरला. त्यांची नावे झाली, ते योग्यच. आम्ही भूल देणारे मात्र रक्तदाबाच्या आकड्यावर डोळा ठेवून बसतो.

भूल म्हणजे झोप, असे आपण समजता. पण श्वासनलिकेत नळी घालताना, रोगी बेशुद्ध असूनही, त्याचा रक्तदाब एकदम उसळतो. सुरी लागण्यापूर्वीच फुगा फुटावयाचा! म्हणून आम्ही मनगटाच्या धमनीत सुई ठेवून ठोक्याठोक्याचा दाब पाहतो, वेदनाशामक औषध आधी देतो, आणि मगच नळीला हात घालतो.

मग दाब चांगला खाली आणून ठेवावा, असे कोणी म्हणेल. मेख तेथेच आहे. रक्तस्रावानंतर कवटीतला दाब वाढलेला असतो. त्यात धमनीचा दाब उतरला तर मेंदूला रक्त पोचत नाही. फुगा शाबूत राहतो आणि माणसाचे अंग लुळे पडते. शिवाय ज्याच्या शरीराला वर्षानुवर्षे १७०ची सवय, त्याला आपला निरोगी १२० अपुरा पडू शकतो. म्हणून आम्ही नातेवाइकांना विचारतो, घरी यांचा दाब किती असे? बहुधा सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.