एकाच नाण्याच्या दोन बाजू: गॅट्सबी आणि टॉम

अमेरिकन लेखक एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी 1925 साली प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, 1922च्या उन्हाळ्यात ती घडते. डेझी या एकाच स्त्रीसाठी तिथे दोन धनाढ्य पुरुष समोरासमोर येतात: तिचा नवरा टॉम ब्यूकॅनन आणि तिचा पूर्वीचा प्रियकर जे गॅट्सबी.

टॉमची श्रीमंती वडिलोपार्जित, तर गॅट्सबीची दारूबंदीच्या काळातल्या बेकायदा धंद्यातून आलेली. तरीही दोघांत विलक्षण साम्य आहे. दोघेही पैशाच्या भाषेत प्रेम व्यक्त करतात. टॉम लग्नाआधी डेझीला साडेतीन लाख डॉलरची मोत्यांची माळ देतो. गॅट्सबी तिच्या घरासमोर, खाडीपलीकडे प्रासाद विकत घेतो. दोघेही भूतकाळात अडकलेले आहेत. टॉमला कॉलेजातल्या फुटबॉलचे दिवस सोडवत नाहीत, गॅट्सबीला पाच वर्षांपूर्वीचे प्रेम. दोघांच्याही आयुष्याला एक लपवलेली बाजू आहे.

सर्वांत महत्त्वाचे साम्य प्लाझा हॉटेलात दोघांमध्ये होणाऱ्या भांडणात उघड होते. डेझीच्या मनावर संपूर्ण हक्क दोघांनाही हवा आहे. तिने एकेकाळी दोघांवरही प्रेम केले, हे सत्य गॅट्सबीला सोसवत नाही. टॉम तर तिच्या वतीने परस्पर निकालच देऊन टाकतो. तिला नेमके काय हवे, हे शांतपणे ऐकून घ्यायला दोघांपैकी कुणीच तयार नाही.

गॅट्सबीविषयी आपल्याला सहानुभूती वाटते, आणि ती योग्यच आहे. पण प्रेमाला मालकी समजण्याची चूक दोघांचीही आहे. कादंबरी वाचताना डेझीच्या बाजूनेही जरूर विचार करा.