पोलीस ॲक्शननंतरचा अहवाल

दर १७ सप्टेंबरला आपण औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातल्या मुक्तिसंग्राम स्मृतिस्तंभापुढे नतमस्तक होतो. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचे अत्याचार मराठवाड्यातल्या घराघरांत सांगितले जातात, आणि ते सांगितलेच पाहिजेत. पण १९४८ साली भारत सरकारनं हैदराबाद संस्थानावर केलेल्या पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत जे घडलं, ते असं मोकळेपणानं कुणी सांगितलं नाही.

निजाम शरण आल्यावर संस्थानातल्या मुसलमानांच्या कत्तलीच्या बातम्या दिल्लीला पोहोचल्या. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आदींना पाहणीसाठी पाठवलं. हे सुंदरलाल म्हणजे ‘भारत में अंगरेज़ी राज’चे लेखक. १९२९ साली इंग्रजांनी ते पुस्तक छापून होताच जप्त केलं होतं. त्याच माणसाचा अहवाल स्वतंत्र भारताच्या सरकारनंही दडवून ठेवला, याचं मला फार वाईट वाटतं.

ही समिती संस्थानाच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरली, पाचशेहून अधिक लोकांशी बोलली. संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार माणसं मेली, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद आणि नांदेडला सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिनं धरलं. आपला औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक मिळून किमान पाच हजार माणसं मेली. हे आकडे अंदाजाचेच आहेत, त्यांवर वाद जरूर व्हावा. पण कागदच समोर नसेल तर वाद घालायचा कशावर?

याच अहवालात विणकरांची नोंद आहे. मुसलमान विणकरांना वाचवायला हिंदू विणकर आपल्याच धर्माच्या जमावाला आडवे गेले, काहींनी प्राण गमावले. पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणायलाही हिंदूंनी मदत केली. अहवाल दडवला तेव्हा या माणसांचं मोठेपणही त्याच्याबरोबर दडलं.

अनेक वर्षं या अहवालाचे तुकडेच तेवढे बाहेर येत राहिले. २०१३च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो पाहायला मिळू लागला. २०१३ मध्येच विधिज्ञ-लेखक ए. जी. नूराणींनी तो आपल्या पुस्तकात दिला. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. तोवर साक्ष देणारी बहुतेक माणसं निघून गेली होती.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३)नं वीस वर्षांपूर्वीची बरीचशी माहिती, काही अपवाद सोडून, खुली केली आहे. मग ज्या गावांची ही हकीकत आहे त्यांच्या भाषेत, मराठीत, हा अहवाल मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात ठेवावा, अशी शासनाला माझी कळकळीची विनंती आहे.