बडतर्फ सफाईवाला



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा आम्ही किमान वेतनावर नाहीतर ठेकेदारीवर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी फोन करून दोनदा विचारले, "गिधाडे म्हणजे पक्षीच ना?" त्यांचा दोष नाही. सावकार, दलाल, ठेकेदार यांना सभांतून गिधाडे म्हणण्यात आमचीच तीस वर्षे गेली. ती शिवी आज या व्यासपीठावरून आम्ही मागे घेतो. ठेकेदारासाठी दुसरा शब्द शोधू. मराठीत तोटा नाही.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काय झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर. तेव्हा पक्षिशास्त्रज्ञाचा आव आम्ही आणणार नाही. आयुष्य गेले ते सफाई कामगारांत, आणि हा विषय आमच्याकडे त्याच वाटेने चालत आला.

२००० सालानंतरची गोष्ट. एका शहराच्या कचरा डेपोवर मेलेली जनावरे नेणाऱ्या गाडीवर आमचा एक माणूस होता. डेपोवरच्या कुत्र्याने त्याच्या पोटरीचा लचका तोडला. माणूस ठेकेदाराचा, पालिकेच्या हजेरीपटावर नाव नाही. दवाखान्यात कोणी न्यायचे, इंजेक्शनांचे पैसे कोणी भरायचे, यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी जखम सुकल्यासारखी दिसली आणि तो कामावर आला. दीड महिन्याने तो पाण्याला भिऊ लागला. हा रोग ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. आम्ही मोर्चा काढला, दावा लावला, त्याच्या बायकोला चार वर्षांनी भरपाई मिळाली. पण या सगळ्या लढ्यात एक साधा प्रश्न आम्हाला सुचला नाही, की डेपोवर एवढी कुत्री आली कोठून?

आमच्या लहानपणी, १९८० च्या सुमारास, गावाबाहेर ढोरे टाकायची जागा होती. तिथेही कुत्री असत, पण लांब बसलेली. मान गिधाडांचा. बैल पडला की आभाळात आधी एक ठिपका दिसे, मग दहा, मग पन्नास. चामडे काढून माणूस बाजूला झाला की ती उतरत, आणि तासाभरात उरत ती स्वच्छ हाडे. हाडे वेचणारा ती नेई. त्यांच्या पोटातले आम्ल इतके जहाल की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात. ना पगार, ना रजा, ना पाळी.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या दिवसांचे गोडवे आम्ही गाणार नाही. ढोर ओढायचे काम कोणाच्या गळ्यात बांधलेले होते हे या सभेत सांगायला नको. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि पुढे गावोगाव लोकांनी ढोरे ओढण्याचे काम नाकारले, बहिष्कार सोसून नाकारले. तो लढा योग्यच होता. परत यायचा आहे तो पक्षी. ती व्यवस्था नव्हे.

तर हा पक्षी गेला कसा? राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांच्या १९९० च्या दशकातच ध्यानात आले की गिधाडे माना टाकून झाडावर बसतात आणि काही दिवसांनी खाली मरून पडतात. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली. लांब चोचीची शंभरात तीन. आम्ही कारखाने बंद पडताना पाहिले आहेत, पण हजार कामगारांतला एक शिल्लक राहावा अशी टाळेबंदी पाहिली नाही. आणि या टाळेबंदीची नोटीस कोणाच्या दारावर लागली नाही.

प्रथम सर्वांना वाटले, एखादी साथ असेल. खरे कारण सापडले पाकिस्तानातल्या पंजाबात. लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे उघडून पाहिली, तर आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर. मूत्रपिंड निकामी झाले की असा थर जमतो. २००४ साली त्यांनी प्रसिद्ध केले की हे डायक्लोफेनॅकमुळे होते. आपण गुडघेदुखीला घेतो तीच गोळी. तेच औषध स्वस्त झाल्यावर गायीबैलांना टोचले जाऊ लागले. औषध दिल्यावर दोनचार दिवसांत जनावर दगावले, तर ते मांस खाणारे गिधाड मेले. एका मढ्यावर पन्नास जण जेवतात, म्हणून शंभरातले एक मढे जरी विषारी असले तरी सगळी जात बसायला पुरते. शेतकऱ्याचा यात काय गुन्हा? लंगडणाऱ्या बैलाच्या वेदना त्याने पदरच्या पैशाने थांबवल्या. त्याला कोणी काही सांगितले नव्हते.

मढी पडून राहू लागली, पाण्यात कुजू लागली, आणि कुत्र्यांचे फावले. एयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली याचा हिशेब मांडला. जिथे पूर्वी गिधाडे होती आणि जिथे नव्हती, अशा जिल्ह्यांतले मृत्यू त्यांनी ताडून पाहिले. २००० ते २००५ या काळात गिधाडे गेल्यामुळे सुमारे पाच लाख माणसे जास्त मेली, असा त्यांचा अंदाज आहे. हा निबंध आम्हाला एका विद्यार्थ्याने वाचून दाखवला. सालांचे आकडे ऐकले आणि आमच्या गाडीवरचा तो माणूस आठवला. त्याच्या दाव्यात आम्ही ठेकेदाराला प्रतिवादी केले होते, पालिकेलाही केले होते. आणखी एक प्रतिवादी राहून गेला होता.

आता परत आणण्याविषयी. बडतर्फ कामगाराला परत कामावर घ्यायचे म्हणजे काय असते, हे आम्हाला थोडेफार कळते. मालक हुकमाप्रमाणे त्याला दारातून आत घेतो, पण ज्या मुकादमाने त्याला काढले तो तिथेच बसलेला असतो, आणि सहा महिन्यांत माणूस पुन्हा बाहेर. राजस्थानातल्या सरिस्क्यात हेच घडले. चोरट्या शिकारीने तिथले वाघ २००४-०५ पर्यंत संपले. २००८ साली रणथंबोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणले, देशभर कौतुक झाले. २०१० मध्ये त्यांतला पहिला नर विष घालून मारलेला सापडला. आसपासच्या गावांशी असलेले वैर कोणी मिटवले नव्हते. पुढे तिथे वाघ वाढले हे खरे, पण किंमत मोजून.

गिधाडांच्या बाबतीत कामाचा क्रम बराच शहाणपणाचा ठरला. हरियाणात पिंजोरला सोसायटीने आणि त्या राज्याच्या वन खात्याने पैदास केंद्र काढले. काम चिकाटीचे, जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाच वर्षे लागतात. दरम्यान २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवण्यावर बंदी आली. तेव्हा माणसांच्या औषधाच्या ३० मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या. एवढे इंजेक्शन कोणत्या माणसाला लागते? ही पळवाट बुजवायला २०१५ साल उजाडले; मग ३ मिलिलिटरचीच कुपी ठेवली. किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक यांवर जनावरांपुरती बंदी २०२३ मध्ये. प्रत्येक बंदीसाठी कोणी ना कोणी खेटे घातले, तेव्हा ती आली.

२०२४ च्या जानेवारीत पिंजोरची २० गिधाडे महाराष्ट्रात आली; दहा ताडोब्याला, दहा पेंचला. काही महिने जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात इथल्या हवेची सवय करून, अंगावर ठावठिकाणा सांगणारे यंत्र बांधून त्यांना सोडले. त्यांतले ताडोब्याचे एक उडत उडत तमिळनाडूपर्यंत गेले आणि तिथे विजेच्या तारेचा धक्का बसून मेले. वाघाला अभयारण्याची हद्द घालता येते. गिधाडाचा कारखाना म्हणजे अर्धा हिंदुस्थान. त्याला सुरक्षित ठेवायचे तर प्रत्येक गोठा आणि प्रत्येक औषधाचे दुकान सुरक्षित पाहिजे, म्हणूनच हा विषय वन खात्यावर सोडून चालणार नाही असे आमचे मत आहे.

गेल्या हिवाळ्यात युनियनमधले आम्ही चौघे त्र्यंबकजवळ अंजनेरीला गेलो. तिथल्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे अजून घरटी करतात. तासभर वाट पाहिल्यावर कड्यावरून एक सुटले, पंख न हलवता आमच्या डोक्यावरून गेले. बरोबरचा मुलगा पंचवीस वर्षांचा, डेपोवर काम करणारा. त्याने विचारले, "काका, ही घार एवढी मोठी कशी?" त्याने गिधाड कधी पाहिलेच नव्हते.

वेळ संपत आली आहे. दाराजवळच्या फळ्यावर आम्ही एक कागद लावला आहे. जनावरांना टोचायची नाहीत ती औषधे एका बाजूला मराठीत लिहिली आहेत, आणि दुसऱ्या बाजूला मेलॉक्सिकॅमचे नाव. ते दुखण्यावर चालते आणि गिधाडाला बाधत नाही. ज्यांची गावाकडे गुरे आहेत त्यांनी जाताना तो उतरवून घ्यावा. पेन्सिल दोरीला बांधली आहे, ती तेवढी घरी नेऊ नये.