नागरिकत्वाची मुलाखत

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आम्हां उभयतांना येथे बोलावयास सांगितले, तेव्हा विषयही चिटणिसांनीच सुचविला. आपल्यातील कितीतरी घरांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत आणि त्यांच्यामागोमाग गेलेल्या आईवडिलांपुढे आज ना उद्या तेथील नागरिकत्वाचा प्रश्न उभा राहतो. त्या मुलाखतीविषयी भीती फार आणि माहिती थोडी, असे आम्हांस आढळले.

१९७२ साली आम्ही नाशिकहून हैदराबादेस आलो. या मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवात सतरंज्या अंथरण्यास आम्ही होतो. येथे येताना आमची मुलाखत कोणी घेतली नाही. आपल्या राज्यघटनेने नागरिकत्व एकच ठेवले आहे. महाराष्ट्राचे निराळे, आंध्राचे निराळे, असे नाही. बाजारात दखनी बोललो, शेजाऱ्यांकडून मोडकीतोडकी तेलुगू शिकलो, आणि चोवीस वर्षे सुखाने राहिलो.

१९९६ साली धाकट्या बंधूंच्या अर्जावरून ग्रीन कार्ड मिळाले. पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येत होता. तो आम्ही बावीस वर्षे केला नाही. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमान्वये भारताचे नागरिकत्व संपते, हे ठाऊक होते. मग अर्ज का केला? भारतात अधिक राहता यावे म्हणून! ऐकणाऱ्यास हे विचित्र वाटेल. परंतु ग्रीन कार्डधारक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिला, तर ते कार्डच धोक्यात येते. नागरिकास तसे बंधन नाही. इकडे भारत सरकारने २००५ साली सुरू केलेले ओसीआय कार्ड घेतले, की येथे हवे तितके दिवस राहता येते. मायभूमीत वर्ष काढण्यासाठी मायभूमीचे नागरिकत्व सोडावयाचे, असा हा हिशेब होता.

मुलाखत २०१९ साली झाली. प्रथम उजवा हात वर करून सत्य सांगण्याची शपथ. नंतर अर्जातील एकेक रकाना: परदेशप्रवास किती, कर भरले काय, कधी अटक झाली काय, कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता काय. सर्वसाधारण अर्जदारास इंग्रजी वाचून व लिहून दाखवावे लागते. मात्र वयाची पन्नास वर्षे व ग्रीन कार्डाची वीस, अथवा वयाची पंचावन्न व कार्डाची पंधरा वर्षे झाली असल्यास इंग्रजीची अट नाही. दुभाषा नेऊन स्वतःच्या भाषेत उत्तरे देता येतात. ही गोष्ट येथील वडीलधाऱ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. दुभाषा सहसा त्रयस्थ असावा लागतो. मुलगा किंवा सून चालेल की नाही, हे अधिकारी ठरवितो. पासष्टीपुढील व वीस वर्षे कार्ड असलेल्यांना केवळ वीस प्रश्नांची तयारी पुरते. त्यांतील दहा विचारतात, सहा बरोबर यावे लागतात. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्या इतरांसाठी परीक्षा कठीण झाली आहे. आता १२८ प्रश्नांतून वीस विचारतात व बारा बरोबर यावे लागतात. ज्येष्ठांची सवलत मात्र कायम आहे.

आमच्यापैकी एकाने, म्हणजे प्रस्तुत वक्त्याने, हौसेने इंग्रजीत उत्तरे दिली. सौभाग्यवतींनी मराठीत दिली, आणि ती अधिक चांगली दिली! मार्टिन ल्यूथर किंग यांनी काय केले, असा प्रश्न आला. 'नागरी हक्कांसाठी लढले' एवढे पुरेसे होते. पण सौभाग्यवती पूर्वीच्या शिक्षिका. किंग १९५९ साली भारतात आले होते, गांधीजींचा मार्ग त्यांनी आपल्या देशात चालविला, असे त्यांनी सांगितले. दुभाष्याने ते सर्व इमानाने इंग्रजीत उतरविले. अधिकारी बाईंनी लेखणी थांबवून ऐकून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला.

मुलाखत अशी पार पडली. अवघड गेली ती त्यानंतरची शपथ. पूर्वीच्या राज्याविषयीची निष्ठा सर्वस्वी सोडीत आहो, असे तेथे मोठ्याने म्हणावे लागते. सभागृहात शेकडो माणसे एकसुरात ते म्हणत होती. आम्हीही म्हटले. एकमेकांकडे मात्र पाहिले नाही.

पुढे भारतीय पासपोर्ट रद्द करवून घेतले आणि ओसीआय कार्डे आली. त्यांवर शेतजमीन विकत घेता येत नाही; वारशाने आलेली ठेवता येते. ज्यांची गावाकडे जमिनीची बोलणी चालू असतील, त्यांनी हे आधी विचारात घ्यावे. मतदानाचा हक्कही राहत नाही.

१३ मे २०२४ रोजी हैदराबादेत लोकसभेचे मतदान होते. आम्ही तेव्हा येथेच मुक्कामाला होतो. जुन्या शेजाऱ्यांबरोबर सवयीने केंद्रापर्यंत चालत गेलो, आणि ते बाहेर येईपर्यंत समोरच्या दुकानात चहा घेत बसलो.