भांडण लांबले म्हणून पक्ष फुटतो का?

(युवा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी राजकारणाचा अभ्यासक नाही. इंजिनिअरिंग शिकलो आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. आमच्या कामात एक अडचण नेहमीची आहे. एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती दोन टीम वेगवेगळ्या बदलत राहतात आणि शेवटी त्या एकत्र जोडायच्या असतात. जितके दिवस त्या वेगळ्या राहतील, तितके जोडकाम किचकट होते. अमेरिकेतल्या पक्षांतर्गत निवडणुकांबद्दल वाचायला लागलो तेव्हा माझ्या मनात हाच प्रश्न होता. एकाच पक्षाचे दोन गट पाच-सहा महिने एकमेकांविरुद्ध प्रचार करतात आणि नंतर एका उमेदवाराच्या मागे उभे राहतात. हे जमते कसे? आणि जमत नाही तेव्हा नेमके काय बिघडते?

आधी पद्धत समजून घेऊ. आपल्याकडे तिकीट वरून येते. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत एबी फॉर्म कोणाच्या हातात पडणार हे कार्यकर्त्याला माहीत नसते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला प्रत्येक राज्यात प्रायमरी किंवा कॉकस होते, म्हणजे पक्षाचे सामान्य मतदारच मत देतात. त्या मतांवरून प्रतिनिधी ठरतात आणि उन्हाळ्यातल्या अधिवेशनात ते उमेदवारावर शिक्कामोर्तब करतात. ही पद्धत पहिल्यापासून अशी नव्हती. 1968 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने ह्युबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली, तेव्हा त्यांनी एकही प्रायमरी लढवलेली नव्हती. त्या शिकागो अधिवेशनात सभागृहाबाहेर पोलिसांनी निदर्शकांना झोडपले आणि आत पक्ष दुभंगला. त्यानंतर नियम बदलले आणि निर्णय मतदारांच्या हाती गेला. म्हणजे लांबलचक प्रायमरी ही मुळात एका फुटीवर शोधलेली दुरुस्ती आहे.

आता 2008 कडे येऊ. 3 जानेवारीला आयोवात बराक ओबामा जिंकले आणि हिलरी क्लिंटन तिसऱ्या आल्या. पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायर हिलरींनी जिंकले. फेब्रुवारीत ओबामा ओळीने जिंकत गेले. मार्चमध्ये ओहायो आणि एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनिया हिलरींकडे गेले. शेवटची मते पडली 3 जूनला. बरोबर पाच महिने! तिकडे रिपब्लिकन पक्षात जॉन मॅककेन मार्चच्या सुरुवातीलाच मोकळे झाले होते.

हा फरक कशामुळे पडला? बऱ्याच अंशी नियमांमुळे. रिपब्लिकन पक्षात अनेक राज्यांत जिंकणाऱ्याला सगळे प्रतिनिधी मिळत. डेमोक्रॅटिक पक्षात मतांच्या प्रमाणात वाटणी होते. त्यामुळे एखादे मोठे राज्य जिंकूनही प्रतिनिधींमध्ये थोडीच आघाडी मिळते, आणि मागे पडलेला उमेदवार आशेवर टिकून राहतो. लढत लांबण्याचे कारण नेत्यांचा हट्ट एवढेच नसते. मते कशी मोजायची, या नियमातच ते दडलेले असते.

त्या पाच महिन्यांत काय काय झाले? रात्री तीन वाजता संकटाचा फोन वाजला तर तो कोणी उचलावा, अशी जाहिरात हिलरींच्या प्रचाराने केली. अर्थ उघड होता, ओबामा अननुभवी आहेत. पुढे मॅककेन यांच्या प्रचाराने हिलरींचीच वाक्ये आपल्या जाहिरातीत वापरली. घरातल्या भांडणात फेकलेला दगड शेजाऱ्याने उचलून ठेवला होता. दुसरीकडे हिलरींना ज्या भाषेत हिणवले गेले, तो बाई म्हणून झालेला अपमान आहे, असे त्यांच्या समर्थक स्त्रियांना वाटत होते, आणि त्यात तथ्य होते.

त्यातच ओबामा छुपे मुसलमान आहेत, ही अफवा ईमेलमधून फिरत होती. गंमत पाहा. मार्चमध्ये त्यांच्या चर्चमधल्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या भाषणांवरून वादळ उठले होते, आणि त्याच काळात त्यांना मुसलमानही ठरवले जात होते. दोन्ही आरोप एकाच माणसावर चालले, कारण हेतू एकच होता, हा आपल्यातला नाही हे दाखवणे. मार्चमध्येच एका टीव्ही मुलाखतीत हिलरींना याबद्दल विचारले गेले. त्यांनी अफवा नाकारली, पण शेवटी ‘माझ्या माहितीप्रमाणे’ असे शब्द जोडले. त्या शब्दांनी ओबामांचे समर्थक दुखावले. आणि ओबामांच्या बाजूलाही हा डाग आहेच. जूनमध्ये डेट्रॉइटच्या सभेत हिजाब घातलेल्या दोन मुलींना त्यांच्या मागे, कॅमेऱ्यात दिसेल अशा जागी बसू दिले नाही. ते स्वयंसेवकांनी केले होते. नंतर ओबामांनी स्वतः फोन करून त्या मुलींची माफी मागितली. या सगळ्यात मुसलमान असण्यात वाईट काय आहे, हा साधा प्रश्न दोन्हीकडचे बडे नेते विचारत नव्हते. तो ऑक्टोबरमध्ये टीव्हीवर विचारला तो रिपब्लिकन कॉलिन पॉवेल यांनी. लढत अटीतटीची झाली की अल्पसंख्याकांचा सन्मान सगळ्यात आधी ‘परवडेनासा’ होतो, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग पक्ष फुटला का? मार्च 2008 मधल्या गॅलपच्या पाहणीत हिलरींच्या 28 टक्के समर्थकांनी सांगितले की, ओबामा उमेदवार असतील तर आम्ही मॅककेन यांना मत देऊ. ओबामांच्या 19 टक्के समर्थकांनी हिलरींबाबत तेच सांगितले. हे आकडे पाहून पक्षाचा निकाल लागला असेच कोणी म्हटले असते. प्रत्यक्षात नोव्हेंबरच्या एक्झिट पोलनुसार 89 टक्के डेमोक्रॅटांनी ओबामांना मत दिले आणि ते 365 विरुद्ध 173 अशा फरकाने जिंकले. भर लढतीत विचारलेल्या प्रश्नाला माणूस रागाने उत्तर देतो. मत देतो तोपर्यंत बरेच काही घडून गेलेले असते.

काय घडले होते ते नीट पाहू, कारण आपल्या उपयोगाचे इथेच आहे.

पहिली गोष्ट नियमांच्या वादाची. फ्लोरिडा आणि मिशिगनने पक्षाचा आदेश मोडून आपल्या प्रायमरी जानेवारीत घेतल्या, म्हणून पक्षाने त्यांचे प्रतिनिधी आधीच बाद केले होते. मिशिगनच्या मतपत्रिकेवरून ओबामांनी नाव काढून घेतले होते. हिलरी दोन्हीकडे जिंकल्या आणि ती मते धरा असे म्हणू लागल्या. 31 मे रोजी पक्षाच्या नियम समितीची बैठक वॉशिंग्टनमध्ये जाहीरपणे, कॅमेऱ्यांसमोर झाली. दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींना बसू द्यायचे, पण प्रत्येकाचे मत अर्धे धरायचे, असे ठरले. सभागृहात आरडाओरडा झाला, समाधान कोणाचेच झाले नाही. पण निर्णय कोणी, कुठे आणि कोणत्या कारणाने घेतला हे सगळ्यांना दिसले.

दुसरी गोष्ट हरणाऱ्याच्या वागण्याची. शेवटच्या मतदानानंतर चार दिवसांनी, 7 जूनला, हिलरींनी माघार घेऊन ओबामांना पाठिंबा दिला. त्या भाषणात त्यांनी आपल्या जवळपास पावणेदोन कोटी मतदारांची लढाई लहान केली नाही. तुमच्या मतांनी काचेच्या छताला तडे गेले, असे त्यांनी सांगितले. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात राज्यांची मतमोजणी चालू असताना ती थांबवून ओबामांची निवड एकमुखाने करा, हा ठराव त्यांनी स्वतः मांडला.

तिसरी गोष्ट जिंकणाऱ्याची. हिलरींच्या प्रचारावर दोन कोटी डॉलरहून जास्त कर्ज होते. ओबामांनी आपल्या देणगीदारांना ते फेडायला मदत करा असे सांगितले. 27 जूनला दोघे न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी नावाच्या गावात एकत्र सभेला गेले. गावाचे नाव तर जुळलेच होते, शिवाय प्रायमरीत तिथे दोघांनाही सारखीच, 107-107 मते पडली होती. निवडून आल्यावर ओबामांनी हिलरींना परराष्ट्रमंत्री केले.

चौथी गोष्ट वेळेची. जूनच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरपर्यंत पाच महिने हातात होते.

या लांबणीचा फायदाही झाला. इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांची पाळी तेव्हा मे महिन्यात येत असे आणि तोवर निकाल लागलेला असे, म्हणून एरवी तिथे कोणी फिरकत नसे. त्या वर्षी तिथे महिनोन्‌महिने कार्यालये उघडली, मतदार नोंदणी झाली, स्वयंसेवक तयार झाले. नोव्हेंबरमध्ये ओबामांनी दोन्ही राज्ये जिंकली. इंडियाना 1964 नंतर आणि नॉर्थ कॅरोलिना 1976 नंतर पहिल्यांदाच डेमोक्रॅटिक पक्षाकडे आले.

आता उलटे उदाहरण, 1980 चे. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना त्यांच्याच पक्षाच्या टेड केनेडींनी आव्हान दिले. जूनपर्यंत कार्टर यांच्याकडे पुरेसे प्रतिनिधी जमले, पण केनेडी थांबले नाहीत. प्रतिनिधींना बंधनातून मोकळे करा, म्हणजे नियमच बदला, या मागणीसाठी ते ऑगस्टच्या अधिवेशनापर्यंत लढले आणि तिथे हरले. शेवटच्या रात्री व्यासपीठावर हात उंचावून एकत्र फोटो मिळावा म्हणून कार्टर केनेडींच्या मागेपुढे करत राहिले, पण तो फोटो काही मिळाला नाही. नोव्हेंबरमध्ये रोनाल्ड रेगन यांनी 44 राज्ये जिंकली.

इथे इंजिनिअर म्हणून सावधगिरीचा शब्द. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. 1980 मध्ये महागाई होती, इराणमध्ये अमेरिकी नागरिक ओलीस होते. अध्यक्ष आधीच कमकुवत होते, म्हणून तर त्यांना घरातून आव्हान मिळाले. तसेच 2008 मध्ये बुश सरकारवर लोक नाराज होते आणि सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाल्याने अर्थव्यवस्था हादरली. त्यामुळे ‘लांब लढतीने हरवले’ किंवा ‘लांब लढतीने जिंकवले’ असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर लगेच मान डोलावू नका. मला एवढेच दिसते की लढतीची लांबी हे मुख्य कारण नाही. हरलेल्याला खेळ बरोबर झाला असे वाटते का, हा खरा मुद्दा आहे.

2016 ने हेच दाखवले. बर्नी सँडर्स यांनीही हिलरींची निवड एकमुखाने करण्याचा ठराव मांडला होता, म्हणजे विधी तोच झाला. पण अधिवेशनाच्या तोंडावर पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे ईमेल फुटले. तटस्थ राहायला हवे ते पदाधिकारी सँडर्स यांच्या विरोधात असल्याचे त्यात दिसले आणि पक्षाध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. सभागृहात सँडर्स यांचे समर्थक ओरडत राहिले. पंच एका संघाचा निघाला की सामन्यानंतरच्या हस्तांदोलनाला किंमत राहत नाही. 2018 मध्ये पक्षाने सुपरडेलिगेट, म्हणजे पदामुळे मत मिळणारे नेते, यांचा पहिल्या फेरीतला अधिकार जवळपास काढून घेतला. कारण हेच होते.

आणि लढतच झाली नाही तर? 2024 मध्ये बायडेन यांच्यासमोर तगडा प्रतिस्पर्धी नव्हता. गाझाच्या प्रश्नावर नाराज असलेल्या मिशिगनच्या एक लाखाहून जास्त मतदारांनी प्रायमरीत ‘कोणालाच बांधील नाही’ या पर्यायावर शिक्का मारला. त्यांत अरब आणि मुस्लिम मतदार मोठ्या संख्येने होते. अधिवेशनात एका पॅलेस्टिनी-अमेरिकी वक्त्याला बोलू द्या, एवढी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. नोव्हेंबरमध्ये अरबबहुल डिअरबॉर्न शहरात ट्रम्प यांना सर्वाधिक मते मिळाली. एकट्या त्या प्रश्नाने मिशिगनचा निकाल ठरला असे मी म्हणणार नाही. पण पाच मिनिटांचे भाषण नाकारून पक्षाला एकजूट मिळाली नाही, एवढे नक्की.

आपल्याकडे काय? काँग्रेसने 2014 मध्ये देशातल्या पंधराएक मतदारसंघांत प्रायमरी घेऊन पाहिल्या. त्यांत आपले लातूर आणि वर्धा होते. दोन्हीकडे पक्ष हरला. पण त्या लाटेत पक्ष जवळपास सगळीकडेच हरला होता, त्यामुळे प्रयोग वाईट होता असे त्यावरून ठरत नाही. 2022 मध्ये अध्यक्षपदासाठी मल्लिकार्जुन खर्गे यांना 7,897 आणि शशी थरूर यांना 1,072 मते पडली. पक्ष फुटला नाही. महाराष्ट्रात 2022 मध्ये शिवसेना आणि 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, ती पक्षात लांबलचक निवडणूक झाली म्हणून नव्हे. तिथे तशी निवडणूक झालीच नव्हती. नाराजी मोजायला मतपेटी नसेल तर ती बंडखोरी होऊन बाहेर पडते.

आता आपल्या घरात येऊ. मोहल्ला कमिटी, शाळेची संस्था, ट्रस्ट, जमात, आपल्यासारख्या चळवळी, सगळीकडे एक वाक्य ऐकू येते, ‘आत्ता नको, एकी बिघडेल.’ तरुणांनी हिशेब मागितला की एकी आठवते. बायकांनी कमिटीत जागा मागितली की एकी आठवते. मला वाटते, प्रश्न विचारल्याने जी एकी मोडते, ती एकी नव्हतीच, नुसती शांतता होती.

पण निवडणूक घ्या म्हणणाऱ्यांवरही जबाबदारी येते. नियम आधी लिहा, मध्येच बदलू नका. नियम राबवणारा माणूस कोणत्याच गटाचा नको. प्रतिस्पर्ध्याच्या कामावर हवे तेवढे बोला. त्याची जात, बिरादरी, फिरका, बाई असणे यावर नको, कारण ते शब्द उद्या बाहेरचे लोक वापरतील. हरलात तर किती दिवसांत आणि कोणत्या शब्दांत मान्य करणार हे आधीच ठरवा. जिंकलात तर हरलेल्यांना नुसते चहाला बोलावू नका, कामात जागा द्या. आणि दोन निवडणुकांच्या मध्ये मन जुळायला पुरेसा वेळ ठेवा.

पुढच्या महिन्यात ज्यांच्या गावातल्या संस्थेची वार्षिक सभा आहे, त्यांनी जाण्याआधी घटनेची प्रत मागून वाचावी. मतदार कोण, यादी कोण करतो आणि तक्रार कोणाकडे करायची, ही तीन उत्तरे तीत सापडतात का ते पाहा. सापडली नाहीत तर सभेत पहिला प्रश्न तोच विचारा.

मी इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.