घरचा माग पुन्हा सुरू होताना

मी डॉक्टर नाही. भिवंडीच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणारा मास्तर आहे. आज औषधाविषयी बोलायला बसलो आहे तो केवळ अनुभवाच्या जोरावर, आणि तो अनुभव मी चांगला दहा महिने घेतला आहे.

मला आमवात झाला. बोटांचे सांधे असे सुजले की हातात खडू धरवेना. डॉक्टरांनी इतर औषधांबरोबर प्रेडनिसोलोन ह्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. आठवड्याभरात मी फळ्यावर पहिल्यासारखा लिहू लागलो! ह्या जातीच्या औषधाचा आमवातावर पहिला प्रयोग अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये २१ सप्टेंबर १९४८ रोजी झाला. जिला हालचाल करणे अवघड झाले होते अशी एक तरुण बाई थोड्याच दिवसांत हिंडूफिरू लागली. हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन ह्या तिघांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र औषध थांबले की दुखणे परतते, आणि फार दिवस घेतले तर शरीर त्याची किंमत वसूल करते, हेही तेव्हाच ध्यानात आले.

माझेही तसेच झाले. सव्वा वर्षात तोंड गोल गरगरीत झाले. "सर, तब्येत मानवली हो!" असे धामणकर नाक्यावर कोणी म्हणाले की मला मेल्याहून मेल्यासारखे होई. डॉक्टरांनी डोस कमी करीत करीत पाच मिलिग्रॅमवर आणला होता. दिवाळीची सुट्टी लागली आणि मी शहाणपणा केला. आता एवढीशी गोळी ती काय, म्हणून परस्पर बंद करून टाकली.

चौथ्या-पाचव्या दिवशी अंग ठणकू लागले. जेवण नको, बोलणे नको. उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. एका संध्याकाळी जिना चढता चढता मी मधल्याच पायरीवर बसलो, आणि काही कारण नसताना रडू आले. पत्नी खाली आली, शेजारी बसली आणि एवढेच म्हणाली, "गोळी कधी सोडलीत?"

शेजाऱ्यांची खात्रीच होती की आमवात उलटला. एकाने वज्रेश्वरीच्या कुंडात स्नान करायला सांगितले. दुसऱ्याने कुठलीशी पुडी आणून दिली, "दोन दिवसांत पळायला लागाल" ह्या हमीसह. पुडी मी जवळजवळ तोंडात टाकली होती. अशा बिननावाच्या काही पुड्यांत स्टेरॉइडच मिसळलेले सापडलेले आहे, हे मला मागाहून कळले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एकेक सांधा दाबून पाहिला, रक्त तपासले. सूज नव्हती, रक्तातही दाह वाढलेला नव्हता. म्हणाले, "मास्तर, हा तुमचा जुना आजार नव्हे. तुमचा घरचा कारखाना बंद आहे."

हे भिवंडीकराला समजायला वेळ लागत नाही. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल नावाचा रस तयार करतात. प्रेडनिसोलोन हे त्याच जातीचे. बाहेरून तयार माल रोज येऊ लागला की घरचा माग चालवतो कोण? मेंदूकडून येणारी मागणीच थांबते आणि माग धूळ खात पडतो. पुढे एके दिवशी बाहेरचा माल एकदम बंद झाला, तर माग लगेच खडखडू लागेल काय? जॉबर हवा, तेलपाणी हवे, बीम चढवायला हवे. पाच मिलिग्रॅम म्हणजे साधारण शरीराच्या एका दिवसाच्या गरजेइतका माल. म्हणूनच ही शेवटची पायरी सर्वांत अवघड. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ गोळ्या घेतल्या असतील तर त्या एकाएकी थांबवू नयेत, ह्याचे कारण हेच. ग्रंथी जागी व्हायला कधी आठवडे लागतात, कधी महिने, कधी वर्षही.

मग मी काय केले? गोळी पुन्हा सुरू झाली. नंतर एक दिवस पाच, एक दिवस अडीच, असे अगदी सावकाश उतरणे चालले. गोळी सकाळी न्याहारीनंतर घेई, कारण शरीराचा स्वतःचा रसही पहाटे-सकाळीच वाढतो. एका वहीत तारीख, डोस आणि तक्रार टिपून ठेवी. त्या वहीवरून आम्हांला भेद करता आला. नेमके जुनेच सांधे सुजले, गरम झाले, सकाळी तासभर आखडून राहिले, तर आजाराचा संशय. डोस उतरल्यावर सगळेच अंग मोघम दुखते, थकवा येतो, पण सूज नाही, तर बहुधा औषध कमी झाल्याची कुरकुर. निवाडा मात्र डॉक्टरांचा. गरज पडली तर सकाळी रक्तातले कॉर्टिसॉल मोजूनही ते पाहतात.

तिसऱ्या मजल्यावरचे तास मी तळमजल्यावर मागून घेतले. मागायला लाज वाटली, पण मिळाले. बिछान्यातून उठताना आधी कडेला बसायचे, मग उभे राहायचे. वज्रेश्वरीलाही जाऊन आलो. गरम पाण्याने अंग हलके झाले, हे खरे. पण त्याने ग्रंथी जागी होत नाही.

एक गोष्ट मात्र गाठीला बांधून ठेवा. ह्या काळात, आणि गोळी सुटल्यावरही काही महिने, जोराचा ताप, उलट्या, अपघात किंवा शस्त्रक्रिया असे काही आले तर शरीराला जादा रस लागतो आणि तो घरात नसतो. उलट्या थांबत नसतील, भोवळ येत असेल, शुद्ध हरपत असेल, तर घरी वाट पाहू नका. तडक इस्पितळात जा आणि "स्टेरॉइड चालू होते" हे पहिल्या वाक्यात सांगा. मी तशी चिठ्ठी पाकिटात ठेवली होती. दात काढायला गेलो तेव्हाही ती दाखविली.

आणि घरच्या मंडळींना एक विनंती. असा माणूस चिडला, रडवेला झाला, जिन्यात बसून राहिला, तर तो नाटक करतो आहे असे म्हणू नका. क्षणभर त्याच्या शेजारी बसा. गोळी कधी सोडलीत, एवढे विचारा. माझे पुढचे सगळे नीट झाले, ते त्या एका प्रश्नामुळे.