थबकलेल्या पावलांची दुसरी वाट
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांतील माणसांचा दिवस रेल्वेच्या पुलापासून सुरू होतो. अशाच एका पुलावर पाहिलेला प्रसंग आरंभी सांगतो. एक वयोवृद्ध गृहस्थ पुलाच्या पायऱ्या सहज चढून गेले; वरच्या सपाट भागावर मात्र त्यांची पावले जणू जमिनीला खिळली. मागची गर्दी रेटू लागली, तसे ते अधिकच थबकले. कोणीतरी त्रासून म्हणाले, "जिना चढता येतो, मग चालता कसे येत नाही?" ते गृहस्थ ढोंग करीत नव्हते. त्यांना कंपवात होता. त्या प्रश्नाचे उत्तर, हाच आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे.

इंग्लंडमधील जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले. मेंदूच्या खोल भागातील काळसर पेशींचा एक समूह डोपामिन नावाचे रसायन निर्माण करतो. त्या पेशी झिजू लागल्या की हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, पुष्कळांचा हात कापतो. जमाखर्चाच्या वहीतील अक्षर ओळीगणिक बारीक होत जाणे, हेही एक लक्षण असू शकते. चालणे, सदऱ्याची बटणे लावणे अशा सवयीच्या हालचाली मेंदू आपल्या नकळत चालवितो. ही आपोआपची वाट या आजारात अडते. परंतु डोळ्यांपुढे पायरी दिसली, की तोच मेंदू दुसऱ्या वाटेने, लक्षपूर्वक पाऊल उचलू शकतो.

मूळच्या पुण्याच्या मिलेहा सोनेजी यांनी आपल्या काकांच्या बाबतीत हेच पाहिले. त्यांनी सपाट जमिनीवर जिन्याचा भास निर्माण करणारे चित्र अंथरले आणि काका त्यावरून न थबकता चालले. २०१५ मधील व्याख्यानात त्यांनी हा अनुभव जगापुढे मांडला.

आता यंत्राकडे वळू. फ्रान्समधील ग्रनोबल येथे डॉ. आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये मेंदूच्या खोल भागाला सूक्ष्म विद्युत्स्पंदने देऊन कंप थांबविता येतो, हे दाखविले. या उपचारात मेंदूत बारीक तारा बसवितात आणि त्यांना स्पंदने पुरविणारे यंत्र गळ्याच्या हाडाखाली, त्वचेच्या आत ठेवतात. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही शस्त्रक्रिया सुरू केली. जुने यंत्र रात्रंदिवस ठरावीक स्पंदनेच देत असे. कंपवातात मेंदूतील विशिष्ट लहरी, सेकंदाला सुमारे १३ ते ३० या गतीच्या, प्रमाणाबाहेर बळावतात. नवे यंत्र त्या लहरी ऐकते आणि गरजेनुसार स्पंदन कमी-अधिक करते. अशा यंत्राला २०२५ मध्ये युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली.

शस्त्रक्रियेवाचूनही मेंदूच्या लहरी टिपता येतात. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये डोक्याच्या त्वचेवरून त्या प्रथम नोंदविल्या. आता संशोधक रुग्णाला तशी टोपी घालून पाऊल उचलण्याची केवळ कल्पना करावयास सांगतात. संगणक तो हेतू ओळखून पडद्यावर त्याची खूण दाखवितो. हे अद्याप प्रयोगाच्या पायरीवर आहे, नित्याचा उपचार नव्हे.

येथे मोहाला आवर घातला पाहिजे. मेंदूतील यंत्राचा खर्च लाखांच्या घरात जातो. ते आजार मुळापासून बरा करीत नाही. तोल आणि स्मरणशक्ती यांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. औषधाचा गुण येतो पण टिकत नाही, अशा निवडक रुग्णांनाच ते लाभते. मात्र त्याने शिकविलेले तत्त्व सर्वांसाठी आहे: वाट अडली म्हणजे शक्ती संपली असे नव्हे.

हे तत्त्व घरी विनाखर्च आचरता येते. उंबऱ्यापाशी आणि न्हाणीघराकडे जाताना जमिनीवर पाऊलभर अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवाव्यात. पाय खिळले की हात धरून ओढू नये. थांबू द्यावे, आणि "एक, दोन" असा ठेका द्यावा. व्यायाम रोजचा असावा.

आपल्या घरांसाठी एक सूचना विशेष महत्त्वाची. व्रत-उपवासाच्या दिवसांत कंपवाताच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. औषध एकाएकी थांबल्यास शरीर ताठरते, तीव्र ताप येतो, प्रसंगी जिवावर बेतते. पर्युषणापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. शक्य नसल्यास उपवास न करण्यात कमीपणा मानू नये.

मुंबईतील पार्किन्सन्स डिसीझ अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही संस्था २००१ पासून रुग्ण व कुटुंबीय यांचे मदतगट चालविते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ कार्यरत आहे. कर्जत मार्गावरील आपल्या गावांतील कापत्या पायांना मात्र लोकलची गर्दी झेपत नाही. म्हणून आठवड्यातून एक सकाळ एखादे सभागृह, एक व्यायामतज्ज्ञ आणि जमिनीवर आखलेल्या काही रेषा, एवढे आपल्याच परिसरात उभे राहिले, तर पुष्कळजण लाजेने बंद केलेले दार उघडून बाहेर येतील.

आणि पुलावर कोणी थबकलेले दिसले, तर मागून रेटू नका. क्षणभर थांबा. त्या मेंदूला दुसरी वाट शोधण्यास तेवढा वेळ हवा असतो.